एकट्याची ज्वारी

मागच्या पौषात मामेभावानं, म्हणजे दादानं, व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. सोबत ओळ नाही, काही नाही. ज्वारीचा लहानसा तुकडा, दहा-पंधरा गुंठ्यांचा. धाटं ताठ उभी, पानं अजून हिरवी, आणि कणसांत दाणा नाही. नुसती पिंजारलेली, पांढुरकी बोंडं. मी लगेच फोन लावला तर हा हसतोय. "खाल्ली की भोरड्यांनी. तुमच्याच वाट्याची होती, म्हणून फोटो तरी पाठवला." झालं होतं असं की पुण्यातल्या ज्वारीची भाकरी आईला पटत नाही. दाणा टपोरा असतो, रंग पांढरा असतो, पण "चव नाही गं बाई" हे तिचं ठरलेलं. म्हणून मी दादाला म्हटलं होतं, घरापुरती पेर, आमचं एक पोतं धर. दादाचं रान लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, सगळं सोयाबीन आणि त्यावर हरभरा. त्यानं एक कोपरा मोकळा ठेवला, कुठून तरी मालदांडी या जुन्या वाणाचं बी आणलं आणि हस्ताच्या पावसावर पेरलं. उगवण चांगली, वाढ चांगली, दाणा भरायला लागला, आणि मग एका सकाळी थवा उतरला.

"राखण नाही केलीस?" मी विचारलं.

"कोण करणार? पोरं शाळेत. बायको म्हणाली तुम्हीच बसा माळ्यावर गोफण घेऊन. आणि राखण करून तरी किती करशील? सगळ्यांचीच ज्वारी असली की पाखरं वाटून खातेत. याचं चार पायली, त्याचं दोन पायली. आता अख्ख्या शिवारात माझं एकट्याचंच ताट वाढलेलं हाय."

भोरड्या मी लहानपणी पाहिल्यात. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि आवाज असा की दहा बायका एकदम बोलायला लागल्यात. हिवाळ्याच्या तोंडाला त्या मध्य आशियातून येतात आणि ज्वारीच्या रानावर उतरतात. थवा वळला की आभाळात चादर झटकल्यासारखं दिसतं. तेव्हा त्यांच्याकडे कौतुकानं बघता यायचं, कारण त्यांना बसायला चारही दिशांना ज्वारीच होती. बांधावर उभं राहिलं तर पलीकडचा माणूस दिसायचा नाही. मळ्यातल्या वाटेनं चालताना पानं कानाला घासायची आणि हातावर बारीक ओरखडे उठायचे. माळ्यावर बसून डबा वाजवणारी पोरं एकमेकांना नुसत्या हाकांनी ओळखायची. इकडून हाकललेला थवा तिकडच्या रानात, तिकडचा पुढच्या रानात, असं करत सगळं शिवार मिळून पाखरांना पोसायचं. कुणी बुडायचं नाही.

दादाचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पीकपद्धत बदलली, शेतकरी नगदी पिकाकडे वळला, असं आपण वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे एक माणूस असतो. तो विचार करतो, हिशेब करतो, हे पीक सोडतो, ते धरतो. उद्या त्याला वाटलं तर तो परतही फिरेल असं आपण गृहीत धरतो. पण पीक एकटा माणूस बदलतच नाही. पीक गाव बदलतं, तालुका बदलतो. मळणीयंत्रवाला त्या पिकाच्या जाळ्या घेऊन येतो, आडत्या त्याच मालाचं वजन करतो, कृषी सेवा केंद्रात त्याचीच औषधं मिळतात, मजूर बायकांचे हात त्याच कामाला सरावतात. मग एखाद्यानं वेगळं काही पेरलं तर ते पाखरांच्या पोटात जातं. हरणं आणि रानडुकरं तर आणखी वेगळी.

आमच्या भागात येळवस असते. बाकीच्या महाराष्ट्राला ती वेळ अमावस्या म्हणून ऐकून माहीत. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव रानात. घरी कुणी राहत नाही, लातूर शहरसुद्धा त्या दिवशी ओस पडतं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पांडव मांडायचे, त्यांना भज्जी, उंडे, आंबील दाखवायची. आंबील ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची, मडक्यातली, वरून लसणाची फोडणी. ती प्यायल्यावर माणूस तिथंच आंब्याखाली आडवा होतो, दुसरं काही करता येत नाही. गेल्या येळवशीला गेलो तेव्हा दादानं कोपीसाठी पाच पेंढ्या शेजारच्या गावातून आणल्या होत्या, दुचाकीवर आडव्या बांधून. आंबिलीचं पीठ औशाच्या बाजारातलं. कोप उभी राहिली ती सोयाबीन निघून गेलेल्या, हरभरा गुडघ्याखाली असलेल्या उघड्या रानात. दुरून पाहिलं तर प्रत्येकाची कोप प्रत्येकाला दिसत होती. पूर्वी कोप ज्वारीत बुडालेली असायची, नुसता धूर वर यायचा.

आजोबांच्या डोक्यात ज्वारीचे दोन हिशेब असायचे, एक दाण्याचा आणि एक कडब्याचा. दाणा माणसांचा, कडबा बैलांचा. दाणा कमी आला आणि कडबा उंच आला तरी ते फार कुरकुरत नसत. म्हणून सरकारी माणूस नवीन बियाणं घेऊन आला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न उत्पन्नाचा नव्हताच. धाट केवढं होतं, हे त्यांनी विचारलं. हे आईनं सांगितलेलं. देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली १९६४ साली, आणि तिचं धाट बुटकं होतं. लवकर यायची, दाणा भरपूर द्यायची, पण लवकर यायची म्हणूनच परतीच्या पावसात सापडायची. कणीस भिजलं की दाणा काळा पडायचा. त्या काळ्या ज्वारीच्या भाकरीला कसला वास यायचा हे आमच्याकडे पन्नाशीच्या पुढचा कुणीही सांगेल. तरी लोकांनी ती पेरली, कारण दुसऱ्या बाजूला रिकामं पोट होतं.

इथं मला आजीची आठवण आडवी येते, आणि ती यायलाच हवी. नाहीतर हा लेख जुनं ते सोनं असा व्हायचा. आजीनं बहात्तरचा दुष्काळ पाहिला होता, पाहिला म्हणजे खडी फोडली होती. रोज हजेरीपट, दुपारी सुकडी, आणि रेशनला लाल मिलो. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी फुगायची नाही, गिळताना घशात अडकायची, आणि आजी म्हणायची, "पण होती म्हणून तुझी आई जगली." त्या वर्षी विहिरीच्या तळाला थोडं पाणी होतं. घरात दाणा नव्हता. पेव उपसून झालं होतं. उतरंडीच्या तळातलं धान्य हातानं खरडून झालं होतं. गावाबाहेरचा पाझर तलाव त्याच कामावर झालेला. अजून त्यात पोरं पोहायला शिकतात.

तिच्या पिढीला कुणी म्हटलं असतं की देशी वाण जपा, संकरित नको, तर तिनं त्याला दारात उभं केलं नसतं. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, आणि दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं ते पुण्यात जाहीर बोलले होते ही गोष्ट अजून सांगितली जाते. आज कुठला पुढारी धान्यावरून असं बोलेल? तेव्हा बोलावं लागत होतं, कारण बंदरात लागणाऱ्या परदेशी जहाजांवर इथल्या चुली अवलंबून होत्या. १९६१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या चार कोटींच्या आत होती. २०११च्या जनगणनेत ती सव्वाअकरा कोटी भरली. जमीन तेवढीच, किंबहुना शहरांनी खाल्ली तेवढी कमीच. या जादा सात कोटींना जेवायला मिळालं, ही गोष्ट कुणी उपकार म्हणून सांगत नाही, पण ती आपोआप झालेली नाही.

ती झाली कशी, तर मुख्यतः दुसऱ्यांच्या रानांतून झाली. १९६६ साली मेक्सिकन गव्हाचं अठरा हजार टन बियाणं देशात आलं आणि पंजाब-हरयाणानं गहू पिकवायला घेतला. मग सरकार हमखास भातही घेतं म्हणून तिथं भात आला. पंजाबी माणूस घरात रोटी खातो, भात त्याच्या जेवणाचा कणा कधीच नव्हता. तो भात तो देशासाठी लावतो, बोअर खोल खोल नेतो, आणि नोव्हेंबरात पेंढा पेटवल्याबद्दल दिल्लीच्या शिव्या खातो. त्याचा गहू आणि तांदूळ रेल्वेच्या वाघिणींतून मनमाडच्या गोदामात येतो, तिथून ट्रकनं आमच्या गावच्या रेशन दुकानात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो ठरले. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरडधान्य एक रुपया. आता तर फुकटच. भरडधान्य कायद्यात लिहिलेलं होतं, दुकानात क्वचित दिसलं. म्हणजे ज्वारीच्या प्रदेशातल्या माणसाला गहू जवळजवळ फुकट आणि ज्वारी मात्र स्वतःच्या घामानं. मग त्यानं ज्वारी का पेरावी? आमच्या घरात पोळी सणाची होती. पाहुणे आले, पुरण घातलं, तरच. माझ्या पिढीनं शाळेच्या डब्यातून भाकरी हद्दपार केली, आणि आईनं कुरकुर न करता केली, कारण पोळी करायला सोपी आणि गारही खाता येते. आता गंमत अशी की मधुमेह झाला की डॉक्टर भाकरी लिहून देतात आणि पुण्यात ज्वारीचा भाव गव्हाच्या वर असतो.

सोयाबीन मात्र रेशननं आणलं नाही. ते आलं ते आपल्या पायांनी, आणि आलं तसं राहिलं. नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशातून सरकत सरकत आमच्याकडे पोचलं. मृगात पेरा, दसऱ्याच्या आसपास पोतं भरा, दिवाळीला हातात पैसा. शंभर-सव्वाशे दिवसांत मोकळं रान, लगेच हरभरा. कापणी गुत्त्यानं द्यायची, अमुक बॅग बियाण्याचं रान आहे, बॅगला इतके, की बायकांची टोळी दोन दिवसांत झोडपून मोकळी. मळणीयंत्र बांधावर येतं. ज्वारी म्हणजे उपटणं, पेंढ्या बांधणं, बुचाड लावणं, कणसं खुडणं, मळणं, उपणणं आणि वर कडब्याची गंज रचणं. धाटं उपटून तळहाताला आलेले फोड मी पाहिलेत, आणि ज्या मामीच्या हातांवर पाहिलेत तिला सोयाबीन आल्याचं दुःख झालं असेल असं मला मुळीच वाटत नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तेव्हाच ज्वारीचा अर्धा हिशेब मोडला होता. उरलेला मजुरीनं मोडला. १९८०च्या आसपास राज्यात ज्वारी साठ लाख हेक्टरांहून जास्त होती, आता ती वीस लाखांच्या खाली आलीय. सोयाबीन पन्नास लाखांच्या घरात. एकाच्या जागेवर दुसरं बसलं, जवळजवळ मापाचं.

पण आपण सोयाबीन खातो का? दादाच्या घरात नाही. गावात नाही. शंभर किलो सोयाबीन गाळलं की अठरा-वीस किलो तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. ती पेंड, बाजारात तिला डीओसी म्हणतात, कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशी जाते. म्हणजे आमचं शिवार मुख्यतः कोंबड्या पोसतं. त्यात वाईट काही नाही, कोंबडी आणि अंडी शेवटी माणूसच खातो, आणि प्रथिनं म्हणून अंडं चांगलंच. फक्त ते अंडं आमच्या गावातल्या अंगणवाडीतल्या पोराच्या ताटात रोज येत नाही. तेलाचं तर आणखी विचित्र. ज्वारीच्या रानात पूर्वी करडईच्या ओळी असायच्या, कडेनं काटेरी कुंपणासारख्या, गुरं आत शिरू नयेत म्हणून. घाण्यावरचं करडईचं तेल वर्षभर पुरायचं. करडईचे काटे सगळ्यांना नकोसे झाले, ती गेली. आता देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात इंडोनेशिया-मलेशियाचं पाम तेल सगळ्यात जास्त, आणि औशाच्या स्टँडवरची भजी त्यातच तळली जातात.

शिवाय एकाच पिकावर सगळं गाव टाकलं की गाव एकदमच हसतं आणि एकदमच रडतं. २०२१ साली सोयाबीन काही दिवस क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं, तेव्हा गावात नवीन गाड्या आल्या. २०२४ला हमीभाव ४,८९२ असताना बाजारात चार-सव्वाचार हजारांनी मागत होते. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस असा कोसळला की शेंगा भरलेलं सोयाबीन पाण्याखाली उभं राहिलं, कुठं कुठं मातीसकट वाहून गेलं. पूर्वीच्या रानात मूग-उडीद आधी निघून गेलेले असायचे, तुरीचे पाटे नंतरचे, ज्वारीचं रान तर तेव्हा पेरायचंच बाकी. काहीतरी हाताला लागायचं. त्या भरवशावर कुणी श्रीमंत झालं नाही हेही खरं.

आणि ऊस. उसाबद्दल लिहायला घेतलं की महाराष्ट्रात मैत्र्या तुटतात, म्हणून थोडक्यात. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हा तो सावकाराच्या तोंडावर मारलेला फटका होता, आणि मला त्याचा अभिमान आहे. ऊस हे एकच पीक असं आहे की ज्याचा भाव आधी कायद्यानं ठरतो आणि पैसे उशिरा का होईना खात्यात येतात. गारपिटीनं मरत नाही, पाखरं खात नाहीत, चोर नेत नाही. पण पिकाखालच्या जमिनीत त्याचा वाटा पाच-सहा टक्क्यांचा आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून कितीतरी जास्त, हे कुठल्या प्रदेशात? तर २०१६च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, त्या प्रदेशात. तेव्हा आजी नव्हती. असती तर तिला मोठं कोडं पडलं असतं. बहात्तरला पाणी थोडंफार होतं आणि दाणा नव्हता. या वेळी रेशन दुकानात पोत्यांची थप्पी आणि नळ कोरडा. आता त्याच उसाचा रस इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातो, मकाही त्याच वाटेवर आहे. वाढती तोंडं म्हणजे माणसांचीच असं आपण धरून चालतो. कोंबड्यांची आणि गाड्यांचीही वाढलीत.

माझा राग नेमका कशावर आहे हे मला नीट सांगता येत नाही. पोट भरलं, हे लहान काम नव्हतं. पण पोट भरण्याचं माप आपण क्विंटलमध्ये घेतलं, ते तिथंच राहिलं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या पोरांपैकी पस्तीस टक्के वयाच्या मानानं खुजी निघाली. गोदाम भरलेलं असताना. एकरी किती, हा प्रश्न जमीन अपुरी असलेल्या पिढीचा होता आणि तिनं तो बरोबर विचारला. आमच्या पिढीला पाणी अपुरं आहे. मग एका लिटरला किती, एका पावसावर किती, असं कुणी विचारलं की मालदांडी एकदम वेगळी दिसायला लागते. एकरी पाच-सहा क्विंटल देणारं आळशी पीक म्हणून तिला नावं ठेवली, पण ते पाच-सहा क्विंटल ती एका हस्ताच्या पावसावर, जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर देते. तिला कालवा लागत नाही, वीज लागत नाही, रात्री दोनला मोटार चालू करायला उठावं लागत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी फाल्गुनात मंगळवेढ्याला गेलो. पंढरपूरला जायचं निमित्त होतं, तिथून वाट वाकडी केली. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, आणि दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडलं म्हणून त्यांना बेदरला धरून न्यायला निघाले, आणि विठोबा महाराच्या रूपात जाऊन दामाजींचा भरणा करून आला, ही कथा लहानपणी कीर्तनात ऐकलेली. त्या कोठारात काय असणार, ज्वारीच. गावाबाहेर पडलो आणि दोन्ही बाजूंना काळं रान सुरू झालं. काळं म्हणजे किती, तर भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. काढणी चालू होती. पेंढ्या ओळीनं पडलेल्या, कणसं खुडणाऱ्या बायका पदर डोक्यावरून घट्ट बांधून बसलेल्या, हवेत ती बारीक खाजरी कूस. श्वासाबरोबर नाकात जाते आणि मग दिवसभर शिंका. आणि वर भोरड्यांचा थवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, निवांत. कुणी हाकलत नव्हतं. इथं सगळ्यांचीच ज्वारी होती.

एका शेतकऱ्याशी बोलत बसलो. सात एकर रान, सगळी मालदांडी ३५-१. हा वाण जवळच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला, शंभरीकडे चाललेला, आणि अजून त्याला हटवणारा सापडलेला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "बोर्ड लागला की रस्त्याला." भावाचं विचारलं तर म्हणाले, औंदा बरा आहे. सरकारचा मालदांडीचा हमीभाव २०२५-२६साठी क्विंटलला ३,७४९ रुपये होता, पण सरकार घ्यायला कुठं बसलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. तालुक्याच्या दक्षिणेकडची गावं कित्येक वर्षं उपसा सिंचनाच्या पाण्यासाठी भांडतायत, या शेतकऱ्यालाही बहुतेक त्याच पाण्याची आशा होती. मी मनात धरून आणलेला प्रश्न विचारला. पाणी आल्यावर काय लावणार?

"ऊस."

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने तीसच्या वर आहेत, त्यांच्या पट्ट्यात ऊस न लावणारा वेडा ठरेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. ते हसले आणि म्हणाले, "तुमी पुण्यात किती रुपयानं घेता ज्वारी?" मी सांगितलं. त्यांनी ती रक्कम दोनदा म्हणून पाहिली. मग विचारलं, घरात किती माणसं, महिन्याला किती लागते. चार माणसं, दहा किलो. त्यांनी तिथंच बोटांवर हिशेब मांडला. वर्षाला सव्वा क्विंटल धरा, सात एकरांत पस्तीस क्विंटल, घरचं आणि बियाण्याचं सोडून पंचवीस घरं. "पंचवीस घरं आणून द्या. तुमी देताय त्याच्यापेक्षा धा रुपये कमीच द्या. दर साली, कवा भाव पडला तरी. मग पाणी येऊ दे न्हाईतर ना येऊ दे, ज्वारीच लावतो. आणि माझ्या एकट्याचं धरू नका. शेजाऱ्याचीबी घ्या, न्हाईतर पाखरं माझ्याकडंच येणार."

आमच्या सोसायटीत एकशे वीस फ्लॅट आहेत. घरी आल्यावर ग्रुपवर टाकलं. भाव, वाण, गाव, सगळं लिहिलं, कणसांचे फोटोही टाकले. सत्तावीस अंगठे आले. त्यातल्या नऊ जणांनी ज्वारी हवी म्हणून नाव दिलं. नवांपैकी सहा जणांना दाणे नको होते, पीठ हवं होतं, कारण जवळची गिरणी बंद पडून तिथं सलून झालंय. मी लिहिलं, ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवता येत नाही, भाकरीला चिरा पडतात, दर पंधरवड्याला दळायला हवी. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, भाकऱ्याच करून मिळतील का. खाली चार जणांनी लगेच लिहिलं, आम्हालाही.